अर्ध्यावर तुटलेली धून आणि जपानची सीडी

पत्राचा सारांश: भुसावळ तालुक्यातल्या ५२ वर्षांच्या एका शिक्षकांचं हे पत्र आहे. वडील रेल्वेत, त्यामुळे लहानपण क्वार्टरमध्ये गेलं. शेजारी एक अँग्लो-इंडियन गार्ड राहायचे, सगळी पोरं त्यांना 'अंकल' म्हणायची. रविवारी त्यांच्या खिडकीतून जॅझ पियानो ऐकू यायचा. १९८६ मध्ये ते कुटुंब ऑस्ट्रेलियाला गेलं. जाताना अंकलनी या मुलाला एक रेकॉर्ड कॅसेटवर भरून दिली. टेप पुरली नाही, म्हणून शेवटची धून मध्येच तुटते. तिचा शेवट त्यांनी आजवर ऐकलेला नाही. आता कॅसेट घरघरायला लागली आहे. शोधल्यावर कळलं की तो अल्बम फक्त जपानी सीडीवर मिळतो. छापील किंमत २,८६० येन, आणि इथला एक ऑनलाइन विक्रेता मागतो ५,४०० रुपये. पुण्याच्या भाच्याने नेटवरून कुठून तरी फाइल काढून दिली, "पण धून तीच असून ती नाही." मुलाची बारावी आहे, क्लासची फी आहे, बायकोला अजून काही सांगितलेलं नाही. ते विचारतात, "ही सरळ लूट नाही का? आपल्याकडे नाही तर निदान अमेरिकेत तरी ही सीडी का काढत नाहीत? आणि एवढे पैसे घालणं म्हणजे वेडेपणा का?"

भाऊ,

आधी पैशांचा हिशेब करू, कारण तुमचा राग तिथे आहे.

२,८६० येन या किमतीत जपानचा दहा टक्के विक्रीकर आला. तो काढला तर सीडी २,६०० येनची. परदेशी माल पाठवताना तिथली बरीच दुकानं हा कर वजा करतात. येन साठ पैशांना धरला तर झाले १,५६० रुपये. म्हणजे तुम्हाला सांगितलेल्या ५,४०० मधले साडेतीन हजारांहून जास्त रुपये त्या सीडीचे नाहीतच. टपाल, आपल्याकडची कस्टम ड्युटी, त्यावर जीएसटी आणि मधल्या विक्रेत्याचा नफा, असे ते वाटले गेले. कस्टमवाले ड्युटी लावतात ती नुसत्या मालावर नाही, माल अधिक टपालखर्च अशा बेरजेवर. त्यामुळे महागडं कुरिअर निवडलं की दोनदा मार बसतो.

रावेर-सावद्याची केळी बघत मोठे झालात तुम्ही. बागेत घड कापताना मिळणारा भाव आणि दिल्लीच्या गल्लीत डझनाला मोजले जाणारे पैसे यांत किती अंतर असतं, हे मी सांगायला नको. दिल्लीचं गिऱ्हाईक महागाईबद्दल शेतकऱ्याला शिव्या घालायला लागलं तर आपल्याला कसं वाटेल? जपानी कंपनीवर रागावताना एवढं मनात असू द्या.

तरी दीड हजार रुपयेसुद्धा एका सीडीला जास्तच, असं तुम्ही म्हणाल. बरोबर आहे. जपानमध्ये सीडी महाग आहे आणि त्यामागे एक कायदा आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे मक्तेदारीविरोधी कायदा आला. १९५३ मध्ये त्यात दुरुस्ती झाली आणि पुस्तकं, मासिकं, वर्तमानपत्रं, रेकॉर्ड अशा काही वस्तूंना सूट मिळाली. या वस्तूंची किरकोळ किंमत प्रकाशक किंवा कंपनी ठरवणार आणि दुकानदाराने ती पाळायची. पुढे कॅसेट आणि सीडीही त्यात आल्या. तिथे या पद्धतीला 'साइहान' म्हणतात. अलीकडे काही मुदतीनंतर कंपन्या ही अट सैल करतात, पण नवी सीडी सगळीकडे एकाच भावाने विकली जाते.

पहिल्यांदा कळलं तेव्हा मलाही हे गिऱ्हाइकावर अन्यायाचंच वाटलं होतं. आता तसं वाटत नाही, आणि याचं कारण नेमकं तुमच्यासारख्यांचं संगीत आहे. शेजारचा दुकानदार निम्म्या भावात विकेल ही धास्ती नसली की छोटा दुकानदारही वर्षाला दोनच खपणारी सीडी कपाटात ठेवतो. कंपनीलाही आधीच दिसतं, की थोड्याच प्रती काढल्या तरी प्रत्येकीमागे किती सुटणार. जिथे भाव पडत जातात तिथे फक्त हजारोंनी खपणारा माल टिकतो. साठ वर्षांपूर्वीची, फारशी गाजलेली नसलेली पियानोची रेकॉर्ड अशा बाजारात सगळ्यात आधी गायब होते.

आता अमेरिकेत ती का निघत नाही ते बघू. आपण धरून चालतो की रेकॉर्ड अमेरिकन, म्हणजे ती जिवंत ठेवायची काळजीही अमेरिकेलाच असणार. तसं होत नाही. संगीताचे हक्क देशादेशाने वाटलेले असतात. मूळ कंपनीची जपानी शाखा किंवा तिच्याकडून परवाना घेतलेली जपानी कंपनी आपल्या देशापुरतं काय काढायचं ते स्वतः ठरवते. अमेरिकेतल्या माणसाला जे परत छापण्यालायक वाटत नाही, ते तोक्योतल्या माणसाला वाटू शकतं. पण परवाना जपानपुरताच असल्याने ती कंपनी भारतात आवृत्ती काढू शकत नाही. तिथल्या दुकानातून पाकीट करून कोणी पाठवेल तेवढंच आपल्यापर्यंत येतं. तुम्हाला हव्या असलेल्या सीडीवरचं 'इम्पोर्ट' हे लेबल एवढ्याचसाठी आहे.

आणि त्या माणसाला ते छापावंसं का वाटतं? घेणारे आहेत म्हणून. जपानमध्ये 'जॅझ किस्सा' नावाची कॉफीची दुकानं असतात. परदेशी रेकॉर्ड सामान्य माणसाला परवडत नव्हत्या, त्या काळात लोक एका कपाच्या पैशात तिथे तासन् तास बसून मालकाच्या रेकॉर्ड ऐकत. बऱ्याच ठिकाणी बोलायलाही मनाई असे. योकोहामातलं 'चिगुसा' १९३३ साली सुरू झालं. १९६१ च्या जानेवारीत आर्ट ब्लेकी हा अमेरिकन जॅझ ड्रमर आपला संच घेऊन जपानला गेला तेव्हा तिथे जॅझची लाटच आली. ब्लू नोट ही जॅझची केवढी मोठी कंपनी, पण ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत ती जवळजवळ झोपली होती आणि १९८५ मध्ये परत उभी राहिली. मधल्या काळात तिच्या रेकॉर्ड, त्यातल्या काही तर तोवर कधीच बाहेर न आलेल्या, जपानची किंग रेकॉर्ड्स ही कंपनी छापत होती. आजही जपानच्या संगीतबाजारातला निम्म्याहून जास्त पैसा सीडी, रेकॉर्ड अशा हातात धरता येणाऱ्या वस्तूंमधून येतो. टॉवर रेकॉर्ड्सची दुकानं अमेरिकेत २००६ मध्ये बंद झाली. जपानमधलं टॉवर चालू आहे आणि स्वतःच्या खास आवृत्त्याही काढतं.

माझ्याकडे अशी एक सीडी आहे, मावसभावाने तोक्योहून आणलेली. बाहेरून तीन बोटं रुंदीची कागदी पट्टी गुंडाळलेली असते, तिला 'ओबी' म्हणतात, साडीवरच्या कमरपट्ट्यासारखी. ती हळूच सरकवली की मूळ एलपीचं कव्हर तळहाताएवढं होऊन समोर येतं, पाठीमागच्या मजकुरासकट. अक्षर इतकं बारीक की मला चष्म्यावर भिंग धरावं लागलं. आत पुस्तिका. डबलबास कोणी वाजवला, ड्रमवर कोण होतं, कोणत्या तारखेला, कोणत्या स्टुडिओत, कितवा टेक, म्हणजे कितव्यांदा वाजवून मुद्रित केलेलं. मला त्यातलं जपानी वाचता येत नाही. तरी ती यादी बघून मी बराच वेळ गप्प बसले होते. आपल्याकडच्या कानबाई देवीच्या गाण्यांच्या कॅसेट मला आठवत होत्या. सारंगखेड्याच्या यात्रेत, लग्नसराईत वाजणारी अहिराणी गाणी आठवत होती. त्या कॅसेटवर गाणाऱ्या बाईचं नाव कधी असायचं, कधी नसायचं. ढोलकी कोणाची, हे तर कुठेच नाही. त्या आज परत कोण काढणार? मूळ टेप तरी कोणाकडे असेल? तुमच्या प्रश्नाशी याचा थेट संबंध नाही, पण हे मला टोचतं, म्हणून लिहिते. तुमच्या घरात, शाळेत, ओळखीत अशा कॅसेट असतील तर त्या भंगारात जाऊ देऊ नका.

आता 'फक्त जपानमध्ये' या शब्दांकडे थोडं संशयाने बघू. याचा अर्थ बहुतेक वेळा 'आज छापात आहे ती फक्त जपानमध्ये' एवढाच असतो. तोच अल्बम नव्वदच्या दशकात अमेरिकेत किंवा युरोपात सीडीवर येऊन गेला असण्याची बरीच शक्यता आहे. डिस्कॉग्जसारख्या इंटरनेटवरच्या सूचीत एका अल्बमच्या सगळ्या देशांतल्या आवृत्त्या साल आणि क्रमांकासकट सापडतात. जुनी अमेरिकन प्रत कोणाकडे वापरलेली मिळाली तर ती स्वस्तही पडेल. दुसरं, जपानचीच वापरलेली प्रत बघा. साइहानचा नियम नव्या मालाला, जुन्याला नाही. तिथली जुन्या सीडींची दुकानं प्रत कशी आहे ते काटेकोरपणे लिहितात, कव्हरवरचा ओरखडा किंवा ओबी नाही हेसुद्धा. ओबी नसलेली प्रत हौशी संग्राहक घेत नाहीत, म्हणून तिचा भाव उतरतो. तुम्हाला ओबी हवी आहे का? तुमच्या पत्रावरून तरी तसं वाटत नाही.

आवाजाचंही बोलायला हवं, कारण विक्रेत्याने तुम्हाला 'एसएचएम-सीडी आहे, आवाज वेगळाच' असं सांगितलंय. एसएचएम म्हणजे एलसीडी पडद्यासाठी लागणारं जास्त पारदर्शक प्लास्टिक वापरून केलेली सीडी, ती २००८ च्या सुमारास आली. तिच्यावरची माहिती साध्या सीडीइतकीच असते: १६ बिट, सेकंदाला ४४,१०० नमुने. कोणत्याही सीडीप्लेयरवर चालते. फरक पडतो तो मूळ टेप कोणती घेतली आणि तिच्यावर काम कोणी, कसं केलं याने. काही जपानी आवृत्त्यांचं काम अप्रतिम आहे. काही मात्र अमेरिकेतून आलेल्या नकलेच्या टेपवरून झाल्या आहेत. तेव्हा जपानी म्हणजे उत्तमच, या समजुतीवर एक रुपयाही जास्त देऊ नका. कॅसेटवर वाढलेल्या कानांना कोणतीही बरी सीडी पहिल्यांदा ऐकताना खिडकी उघडल्यासारखीच वाटेल.

बोनस ट्रॅकचं तसंच. तुम्ही लिहिलंय की जपानी सीडीत दोन धुना जास्त आहेत, म्हणजे बाकीच्यांनी अल्बम अपुरा विकला. तसं नाही. बाहेरून येणाऱ्या सीडींना साइहान लागत नाही, त्या जपानमध्येच स्वस्त मिळतात. मग जपानी गिऱ्हाइकाने महाग देशी आवृत्ती का घ्यावी? म्हणून तिथल्या कंपन्या काहीतरी वर देतात: जादा धून, गाण्यांचे अनुवाद, लांबलचक लेख. मूळ एलपीवर ते नव्हतंच.

याच जादा धुनांमधून तुमच्या भाच्याच्या फाइलचं कोडं सुटेल असं मला वाटतं. जॅझमध्ये एकच धून एकाच दिवशी दोन-तीनदा वाजवून मुद्रित करतात. प्रत्येक वेळी मधला भाग नवा, कारण तो तिथल्या तिथे सुचलेला असतो. त्यातला एक टेक एलपीवर जातो, बाकीचे डब्यात. पुढे कधीतरी तेच 'अल्टरनेट टेक' म्हणून बाहेर येतात. भाच्याला बहुधा असा दुसरा टेक मिळाला. तुमच्या कानांनी ते लगेच ओळखलं. अंकलच्या खिडकीतून तुम्ही ती धून किती लक्ष देऊन ऐकली असेल, ते या एका वाक्यावरून मला कळलं.

अशा फाइली घ्याव्यात का, हेही तुम्ही अडखळत विचारलंय. आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षं चालतो. जपानमध्ये तो ५० होता, २०१८ च्या डिसेंबरअखेर ७० झाला. पण संगीतरचनेचा हक्क वेगळा, तो रचनाकाराच्या मृत्यूनंतरही पुढे कित्येक वर्षं चालतो. त्यामुळे 'जुनं आहे, घ्या' हे भाच्याचं म्हणणं मला पटत नाही. स्वतःच्या कॅसेटची स्वतःला ऐकण्यापुरती प्रत करणं ही मात्र खासगी वापराची गोष्ट आहे, ती निर्धास्त करा. आणि लवकर करा.

कॅसेटला आता हात लावाल तो जपून. टेप जिथे उघडी दिसते तिथे मधोमध धातूच्या पातळ पट्टीवर नमद्याची एक बारीक चकती असते. इतक्या वर्षांत तिचा डिंक वाळतो आणि ती गळून पडते. मग टेप हेडला नीट टेकत नाही, आवाज मंद आणि दबका येतो. तुमची 'घरघर' निदान थोडी तरी याचीच असेल. दुसऱ्या एखाद्या टाकाऊ कॅसेटची चकती काढून बसवता येते. प्लेयरचं हेड आणि रबरी रोलर आधी साफ करा, हेडला आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या काडीने. मग टेप एकदा पुढे-मागे गुंडाळा आणि एकदाच शांतपणे वाजवून कॉम्प्युटरवर डब्ल्यूएव्ही फाइलमध्ये उतरवा. आपल्याकडच्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यात कॅसेट पोटमाळ्यावर किंवा पत्र्याखालच्या कपाटात ठेवू नका. कॅसेटच्या डबीत अंकलचं अक्षर असलेला कागद असेल तर त्याचा फोटोही काढून ठेवा.

आता घरचं. भाऊ, तुम्ही लिहिता की बायकोला सांगितलं तर ती म्हणेल, 'पोऱ्याची फी भरायची सोडून हे काय!' तिने असं म्हटल्याचं पत्रात कुठेच नाही. म्हणेल, हे तुम्ही ठरवलंय. पंचवीस वर्षांच्या संसारात तुम्ही तिला ती कॅसेट कधी बसवून ऐकवली आहे का? ती जिथे तुटते तो क्षण तिला माहीत आहे का? माहीत नसेल तर तिच्यासमोर येणार काय, एक परदेशी सीडी आणि एक आकडा. त्या आकड्याला कोणीही नाहीच म्हणेल. संध्याकाळी चहाच्या वेळी ती शेवटची धून लावा, तुटू द्या, आणि मग सांगा. चोरून मागवलेलं पाकीट पोस्टमन नेमकं तुम्ही शाळेत असताना आणून देतो, आणि ड्युटीचे पैसे घरच्या बाईकडून मागतो. हे मी माझ्याच घरी भोगलं आहे, सीडीवरून नाही, पैठणीवरून.

वेडेपणा म्हणाल, तर तसं मला वाटत नाही. पण ५,४०० रुपये देऊ नका. फीचा हप्ता आधी जाऊ द्या, सीडी दोन महिन्यांनी घ्या. ती छोट्या संख्येत छापलेली असते, संपली की भाव चढतो, हे खरं. पण दोन महिन्यांत जग बुडत नाही, आणि वापरलेल्या प्रती तोवर येत-जात राहतात. जपानच्या दुकानाला थेट लिहून विचारा, की कर वजा करून किती आणि साध्या नोंदणीकृत टपालाने किती. कागदी कव्हरची सीडी वजनाला हलकी असते. जळगाव-भुसावळात जुनी गाणी जमवणारे बरेच आहेत. दोघातिघांनी मिळून मागवलं तर टपालाचा खर्च वाटला जातो. बाकी वाचकांनाही हेच सांगेन, मग तुम्हाला हवी असलेली सीडी जॅझची असो, जुन्या रॉकची असो की सिंफनीची.

विक्रेता इथला असेल तर एक काळजी घ्या. 'जपानी' म्हणून घेतलेल्या एका सीडीच्या बाबतीत मी फसले आहे. ओबी रंगीत झेरॉक्सची निघाली. जपानी सीडीला अक्षरं आणि आकड्यांचा क्रमांक असतो, युनिव्हर्सलच्या जॅझचा 'यूसीसीयू'ने, सोनीचा 'एसआयसीपी'ने, वॉर्नरचा 'डब्ल्यूपीसीआर'ने सुरू होणारा, असे काही. ओबी, कव्हरची कड आणि सीडी या तिन्हींवर तो एकच हवा. पैसे देण्याआधी तिन्हींचे फोटो मागा. द्यायला टाळाटाळ झाली तर सोडून द्या.

आणि ऑर्डर देण्याआधी शेवटचं, तुमच्यासाठी हेच सगळ्यात महत्त्वाचं: त्या धुनेचं सूचीतलं नाव आणि लांबी बघून ठेवा. कॅसेटवर ती तुटेपर्यंत किती मिनिटं वाजते ते घड्याळ लावून मोजा. सीडीवर ती मूळ अल्बमच्या क्रमातच आहे ना, लांबी तुमच्या मोजणीपेक्षा जास्त आहे ना, आणि नावापुढे 'अल्टरनेट' असं काही नाही ना, हे तपासा. यातलं एकही जुळलं नाही तर थांबा आणि मला परत लिहा. सगळं जुळलं तर मागवा, आणि आली की तो शेवट कसा आहे तेही कळवा.